मामांची लिव्हरची बाटली सोडवायची कशी?

विश्रामबागची_सून:
आमचे मामा (सासरे) ६८ वर्षांचे, साखर कारखान्यातून रिटायर. वर्षभर झालं, जेवण झालं की उजव्या बरगडीखाली जड होतं, ढेकर येत राहतात. पारावरच्या कुणीतरी ‘लिव्हरला सूज असणार’ म्हटलं. तेव्हापासून सकाळी लिव्हर टॉनिक, रात्री जेवल्यावर कुमारी आसव दोन झाकणं आणि मधूनच फ्रूट सॉल्टची पुडी. बीपीची गोळी चालू आहे, साखर काठावर. डॉक्टरकडं चला म्हटलं की ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’. हे असं रोज चालतं का?

मिरजेचा_दुकानदार:
ताई, मिरजेत ३१ वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बसतो. आधी कबूल करतो, या बाटल्या मी खोक्यांनी विकल्यात. चिठ्ठी लागत नाही आणि गिऱ्हाईक महिन्याला परत येतंच.

माणूस काउंटरला यायचा, पोटावर हात ठेवायचा आणि ‘लिव्हरचं काय असलं तर द्या’ म्हणायचा. गॅस, अपचन, भूक नाही, सगळा आळ लिव्हरवर! मी हात कुठं ठेवलाय ते बघायचो. बहुतेकांचा बेंबीच्या वर, मधोमध. तिथं जठर असतं. मामांचा हात उजवीकडं जातोय, तोही जेवणानंतर. मटणाच्या, तळणाच्या दिवशी जास्त दुखतं का विचारा. तसं असेल तर पित्ताशयात खडे असू शकतात, आणि ते कुठल्याच आसवानं विरघळायचे नाहीत. उपाशीपोटी सोनोग्राफी करा, सोबत बिलिरुबिन आणि एसजीपीटी, या लिव्हरच्या रक्ततपासण्या. डोळे पिवळे, शौचाला काळी, पाय सुजले, बोलण्यात असंबद्धपणा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता सगळं उजेडात आणून लेबल वाचा. चष्मा लागेल, अक्षरं मुंगीएवढी असतात. पुडीवर स्वर्जिकाक्षार आणि निंबुकाम्लम् लिहिलेलं सापडेल. नावं भारी, पण आत खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. पाच ग्रॅममध्ये जवळपास निम्मा सोडा, म्हणजे दीड ग्रॅम मिठात असतं तेवढं सोडियम सहज. बीपीसाठी तुम्ही आमटी अळणी करायची आणि ते पुडीतून मीठ भरून काढणार.

आसवात गूळ आणि मध असतो. तो आंबूनच आसव होतं, म्हणून लेबलावर ‘स्वयंजनित अल्कोहोल’ आणि ५ ते १० टक्के असा काहीतरी आकडा दिसेल. माझ्याकडं एक माळकरी आजोबा यायचे, दारूच्या दुकानासमोरून चालत नसत, पण आसव मात्र रोज ठरलेल्या वेळेला. मी कधी सांगितलं नाही. गिऱ्हाईक तुटलं असतं, आणि आजोबाही.

टॉनिकात कासनी, काकमाची या वनस्पती, काहींत मंडूर भस्म म्हणजे लोह. याच रांगेत आरोग्यवर्धिनी गोळ्यांची डबी असते, तिच्यात कज्जली, म्हणजे पारा आणि गंधक घोटून केलेली काळी पूड. वैद्य नाडी बघून, मुदत ठरवून देतो ते वेगळं. पारावरून ठरवलेलं वेगळं.

अमेरिकेत ‘कार्टर्स लिटल लिव्हर पिल्स’ होत्या, १८६८ पासूनच्या. खरं तर पोट साफ करायच्या गोळ्या. तिथल्या सरकारी आयोगानं १९४३ मध्ये तक्रार गुदरली, शेवटी १९५९ मध्ये नावातला ‘लिव्हर’ काढायला लागला. सोळा वर्षं लागली एका शब्दाला!

कराडकर_७४:
आमच्यात कावीळ झाली की अजून गळ्यात काड्यांची माळ. माळ लांबली की कावीळ उतरली म्हणायचं. काड्या वाळून आक्रसतात, दोरा सैल पडतो, माळ लांबणारच. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते. नाव माळेचं होतं.
पण काका, दुकानात होता तेव्हा हे का नाही सांगितलं?

मिरजेचा_दुकानदार:
सांगितलं की, उशिरानं. दोन पोरांच्या फिया भरून झाल्यावर.

विश्रामबागची_सून:
पंधरा दिवसांनी लिहितेय. लेबल वाचायला मामांनाच बसवलं. भिंग घेऊन ‘स्वयंजनित’पर्यंत आले, पुढचा शब्द दोनदा वाचला आणि बाटली उंबऱ्याबाहेर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी आपणहून सोनोग्राफीला चला म्हणाले. पित्ताशयात दोन खडे, मोठा ११ मिलिमीटरचा. लिव्हर ठीक. सर्जननी ऑपरेशन सुचवलंय, तारीख दिवाळीनंतरची घेतलीय.
टॉनिक मात्र अजून फडताळात आहे. ‘अर्धी शिल्लक आहे, पैसे मोजलेत’ म्हणतात.