फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस बोलायला शिकला, पण त्याला त्यातून मिळालं काय?

वाचनवेडी: मेरी शेलीची १८१८ची ‘फ्रँकेन्स्टाइन’ नुकतीच वाचली. डोक्यात १९३१च्या सिनेमातला गुरगुरणारा राक्षस होता. इथे तर हा पानंच्या पानं बोलतो! भिंतीच्या फटीतून शेजारच्या झोपडीतल्या डी लेसी कुटुंबाकडे बघत तो आग, दूध, पाव, लाकूड असे शब्द शिकतो, तो भाग मी लगेच पुन्हा वाचला. भाषा आल्यावर त्याला ‘मी कोण’ हे कळतं, की आधी नसलेलं दुःख भाषाच त्याच्या गळ्यात मारते?

निशाचर: दुसरंच. वाचता आलं नसतं, तर खिशातल्या वहीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने, म्हणजे त्याला घडवणाऱ्यानेच, त्याच्याबद्दल किती किळसून लिहिलंय ते त्याला कधी कळलं असतं? मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे आदम आणि सैतानावरचं महाकाव्यही तो खरा इतिहास समजून वाचतो. आधी स्वतःला आदमच्या जागी बघतो. पण आदमवर देवाची माया होती, याच्यावर कुणाचीच नाही. मग सैतान जवळचा वाटू लागतो.

जुनाट कपाट: भाषेला दोष देणं मला पटत नाही. आंधळ्या म्हाताऱ्या डी लेसीसमोर तो बोलतो, तेव्हा म्हातारा त्याला मायेनेच धीर देतो. त्याचा मुलगा फेलिक्स येऊन काठीने मारतो, तो चेहरा बघून. बोलणं तिथे पुरेपूर चाललं होतं.

पुढे त्याच्या बोलण्याचा सूर कसा बदलतो ते बघा. म्हाताऱ्यापुढे आर्जव, व्हिक्टरकडे जोडीदारीण मागताना वकिली मुद्दे. अर्धवट घडवलेली जोडीदारीण व्हिक्टर फाडून टाकतो, तेव्हा थेट हुकूम: तू माझा निर्माता असशील, पण मालक मी आहे.

वाचनवेडी: तो हुकूम वाचताना मी दचकले होते. पण मला जास्त लागलं ते शेवटच्या पाठलागातलं. व्हिक्टर उत्तरेकडे त्याच्या मागावर असतो आणि हा झाडांच्या सालींवर, दगडांवर त्याच्यासाठी निरोप कोरून ठेवतो. एकात लिहिलंय, जवळच मेलेला ससा आहे, खा आणि ताजातवाना हो. डिवचणं आहेच त्यात. तरी मला वाटतं, व्हिक्टर मेला तर ते कोरलेलं वाचायला कुणीच उरणार नाही, म्हणून तो त्याला खायला घालतोय.

निशाचर: ससा माझ्या लक्षातच राहिला नव्हता. आणि व्हिक्टर मेल्यावर तो जहाजावर येऊन प्रेताशीच बोलतो, माफी मागतो. जहाजाचा कप्तान वॉल्टन तिथे पोचतो तेव्हा त्याचं बोलणं आधीच सुरू झालेलं असतं.