प्राजक्ताखाली कुणी गाडी लावायची नाही

(सोसायटीचा ग्रुप, छत्रपती संभाजीनगर. दसऱ्यानंतरचा शनिवार, संध्याकाळ.)

चिऊची आई, बी-२०३: नमस्कार मंडळी. पाऊस उघडलाय. उद्या सकाळी साडेसहाला लेकरांना घेऊन फिरायला निघायचं का? तीन ते सात वर्षांची जेवढी येतील तेवढी. आमची दोन धरून चला. एकट्या आईबापानं नेलं की पाच मिनिटांत "उचलून घे" सुरू होतं. चार लेकरं सोबत असली की तीच पुढे पळतात आणि आपल्याला धाप लागते.

बी-४०१: रविवारी? साडेसहा?

सोनूचे बाबा, ए-१०४: संध्याकाळी ठेवा ना ताई. रविवारी आमच्याकडे आठच्या आधी कुणी डोळे उघडत नाही.

चिऊची आई: दादा, संध्याकाळी करून बघा तुम्ही. चारला बाहेर काढावं तर ऑक्टोबरचं ऊन डोकं फोडतं. पाचला काढावं तर एक चप्पल सापडत नाही, मग पाणी पाहिजे, मग शू. गेटबाहेर पडेपर्यंत पावणेसहा. आता सव्वासहाच्या आतबाहेर सूर्य मावळतोय, महिना संपेपर्यंत सहाच्याही आत जाईल. म्हणजे निघालो नाही तोच परतायचं. सकाळी सव्वासहा-साडेसहाला उजाडतं आणि आठपर्यंत ऊन सोसण्यासारखं असतं. आणि खरं सांगू का, लहान लेकरं रविवारी सहालाच उठतात. सोमवारी उठत नाहीत, तो भाग वेगळा.

सोनूची आई, ए-१०४: यांचं ऐकू नका. सोनू साडेपाचला उठून यांच्या पोटावर बसलेला असतो. आम्ही येतोय.

डॉक्टर वहिनी, सी-३०२: मी पण येते, धाकट्याला घेऊन. दोन गोष्टी आधीच सांगते. लेकरांना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट घाला. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यावर आणि दिवस मावळायच्या आधी तर जास्तच. पाऊस गेल्यानंतरचे हे दिवस त्याचेच. आणि फिरून येऊन आपापल्या बाल्कनीतला कूलर बघा. उन्हाळ्यात बंद केलेल्या कूलरच्या टाकीत पावसाचं पाणी तसंच आहे अनेकांकडे, मी खालून बघते ना. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा. नुसतं पाणी ओतू नका, आतून घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात.

बी-४०१: आमचा कूलर झाकलेला आहे.

डॉक्टर वहिनी: काका, ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी आहे.

बी-४०१: बघतो.

चिऊची आई: जायचं कुठं ते ठरवा. गोगाबाबा टेकडी?

सोनूचे बाबा: बाबागाडी जाईल का?

चिऊची आई: दादा, बाबागाडी आपल्या गेटबाहेरसुद्धा जात नाही. रस्ता खोदून ठेवलाय तो दिवाळीपर्यंत बुजला तरी पुष्कळ. धाकट्याला पाठीशी ओढणीनं बांधा, आमच्या मावशी बांधतात तसं.

आजोबा, सी-१०१: गोगाबाबाला मोठी लेकरं न्या, सहा-सात वर्षांची. वरून बीबी का मकबरा आणि निम्मं शहर दिसतं, चढल्याचं चीज होतं. पण आत्ता उतारावरचं गवत वाळायलंय, कुसळं धरलीत. तीन वर्षांच्या लेकराच्या मोज्यात एक कुसळ गेलं की तुमची सकाळ संपली. त्यापेक्षा हिमायतबाग. सपाट आहे, सावली आहे, आंब्या-चिंचेची जुनी झाडं आहेत. मोघलांच्या काळातली बाग आहे ती. आता तिथं आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, म्हणजे एका अर्थी बाग आमचीच म्हणा.

सोनूचे बाबा: आजोबा, मकबरा पण परभणीचाच का?

आजोबा: कागद शोधायलोय.

आजी, सी-१०१: लांब कशाला जाता. आपल्या पार्किंगमधल्या प्राजक्ताखाली आधी जा. पहाटे सडा पडलेला असतो. मागच्या आठवड्यात नातीला घेऊन गेले तर फुलांवरून कुणाची तरी पांढरी गाडी मागं घेतलेली, सगळा चिखल. आणि जी उरली होती ती पाचलाच कुणीतरी पिशवीत भरून नेली. लेकरानं काय वेचायचं, चाकाचे ठसे?

बी-४०१: पांढऱ्या गाड्या चार आहेत.

ए-३०१ काकू: पिशवी माझी होती. लपवायचं काय त्यात. देवाला लागतात. प्राजक्त असा आहे की भुईवरचा उचलून देवाला चालतो, दुसरं फूल चालत नाही. आणि मी पाचला जाते कारण सहाला पाण्याचा टँकर येतो आणि ते लोक पाईप त्याच झाडाखालून ओढतात.

आजी: अहो पण सगळी?

ए-३०१ काकू: लेकरं येतात हे मला कुठं माहीत. आजवर कुणाचं लेकरू सकाळी खाली दिसलं नाही. मोबाईल बघत दूध पितात सगळी.

(इथे सात जणांनी एकाच वेळी लिहायला घेतलं. चार जणांनी पाठवलं, तिघांनी पुसलं.)

चिऊची आई: काकू, तेवढं सोडा. वाटणी करू. भिंतीकडची फुलं तुमची, पार्किंगकडची लेकरांची. आणि टँकरवाल्यांना पाईप पलीकडून घ्यायला वॉचमनकाका सांगतील. तुम्ही एकदा लेकरांसोबत बसाच. गेल्या रविवारी चिऊनं ओंजळभर फुलं पायरीवर मांडली आणि पाकळ्या मोजायला लागली. मला वाटलं पाच-पाच असतील. एकाला पाच, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला सात! मग ती खपली आठवालं फूल शोधायला. केशरी देठ दोन बोटांत धरून गिरकी दिली की पाकळ्या पंख्यासारख्या दिसतात, हा शोध धाकट्याचा. पंचवीस मिनिटं आम्ही पायरीवरून हललो नाही. यांनी वरून ओरडून विचारलं, फिरायला गेला होतात ना?

ए-३०१ काकू: सहाचं असतं जास्त करून. आठवालं मी पाहिलंय. बरं, पार्किंगकडची लेकरांची. पण पायात चप्पल घालून वेचायची नाहीत.

सेक्रेटरी: प्राजक्ताखालची जागा व्हिजिटर पार्किंग आहे, तिथं रहिवाशांनी गाडी लावायचीच नाही. खडूनं रेघ मारून घेतो.

बी-४०१: मग माझी गाडी कुठं लावू?

आजी: सापडली पांढरी गाडी.

सोनूची आई: हाहाहा. काका, आमची जागा घ्या थोडे दिवस, आमची गाडी सर्व्हिसिंगला गेली ती अजून आलेली नाही.

ए-२०२: विषय निघालाय तर सांगते. मागच्या भिंतीजवळच्या सातविणीला बहर आलाय, रात्री खिडकी उघडता येत नाही. वास डोक्यात जातो. छाटून टाका ना ती.

आजोबा: छाटायला आधी महापालिकेची परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे झाडांचा. आणि हा बहर जास्तीत जास्त महिनाभर. रात्री त्या बाजूची खिडकी लावा, सकाळी उघडा. वास रात्रीचाच जास्त असतो.

ए-२०२: लेकरू शिंकतं हो आजोबा.

डॉक्टर वहिनी: उद्या दाखवायला आणा त्याला. झाडाचं नंतर बघू. शिंका पंख्यावरच्या धुळीच्याही असतील, कुठल्याही असतील.

सोनूचे बाबा: मूळ विषय. हिमायतबाग नक्की का? किती चालायचं? मी घड्याळात पावलं मोजतो, रोज दहा हजार करायचे असतात.

चिऊची आई: दादा, उद्या तुमचे हजारसुद्धा होणार नाहीत. आधीच सांगते म्हणजे चिडचिड नको. चार वर्षांचं लेकरू चालत नाही, ते थांबत थांबत जातं. पहिला थांबा कुत्र्याच्या पिल्लांचा. दुसरा गटाराच्या झाकणाचा, त्याला भोकं किती. मग एखादी काठी सापडते आणि ती घरी न्यायचीच असते. मी आधी हात धरून ओढायचे, "चल ना, पुढे बाग आहे." आता नाही ओढत. बाग कुठं पळून चालली नाही. मोठ्यांना व्यायाम करायचाय त्यांनी लेकरांना आमच्याकडे सोडून दोन फेऱ्या मारून याव्यात, मग अदलाबदल. आम्ही असंच करतो. एक रविवार हे पळतात, एक रविवार मी. घरात शांतता राहते. निदान दहापर्यंत.

सोनूची आई: ही अदलाबदल आजच लेखी घ्या यांच्याकडून.

आजोबा: बागेत चतुर दाखवा लेकरांना. नाकतोडा नव्हे, चतुर. पाऊस संपता संपता मोकळ्या जागेवर पिवळसर रंगाचे घिरट्या घालतात, थवेच्या थवे, डोक्याच्या उंचीला. यातली एक जात ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिण भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जाते, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. एवढासा जीव, बोटभर! वारा पाठीशी घेऊन जातो म्हणे. आमच्या लहानपणी पोरं शेपटीला दोरा बांधायची. तेवढं करू देऊ नका.

चिऊची आई: आफ्रिका? हे चिऊला आज सांगितलं तर रात्री झोपणार नाही. उद्या तिथंच सांगा तुम्ही.

आजोबा: म्हणजे मला पण यायचंय?

आजी: गुडघा दुखतोय म्हणत होते सकाळी. आता बघा, बूट शोधायलेत.

सोनूचे बाबा: खायचं काय न्यायचं? नाहीतर येताना रस्त्यावर भजी दिसली की संपलं.

ए-३०१ काकू: मी सुशीला करते. मुरमुरे आहेत घरात, मिरची कमी टाकते. डबा दोन मजल्यांना पुरेल.

सोनूची आई: काकू, तुम्ही पण चला मग.

ए-३०१ काकू: बघू. पूजा आटोपली तर.

चिऊची आई: माझ्याकडे सीताफळं आहेत, आमचे सासरे दौलताबादहून येताना घेऊन आलेत. काही आजच मऊ झालीत, उद्या संपवावीच लागतील. बिया थुंकायची स्पर्धा लावली की लेकरं अर्धा तास गप्प.

डॉक्टर वहिनी: स्पर्धा लावा, पण बिया गोळा करून कचऱ्यात टाका, चावून गिळू देऊ नका. आणि कुणाच्या घरी उवांसाठी सीताफळाच्या बिया वाटून लावत असतील तर कृपा करून लेकरांना लावू नका. ती पूड डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते. दर वर्षी या दिवसांत असा एखादा डोळा लाल करून कुणीतरी येतंच. उवांना बारीक फणी आणि चिकाटी.

ए-२०२: आमच्याकडे सासूबाई कालच बिया वाळत घालायल्या होत्या. बरं झालं सांगितलंत.

बी-४०१: कोजागरीचं काय ठरलं? गच्चीची चावी माझ्याकडे आहे.

सेक्रेटरी: दर वर्षीप्रमाणे रात्री बारा.

सोनूची आई: बारापर्यंत कुणाचं लेकरू जागं राहतं? गेल्या वर्षी सगळी खुर्च्यांवर झोपली आणि दूध आपणच प्यायलो.

आजोबा: पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो. सातला गच्चीवर या, पूर्वेला चांगला हातभर वर आलेला असेल. लेकरांची कोजागरी सातला करा, मोठ्यांनी हवी तर बाराला परत करावी. देवी कुणाला घड्याळ दाखवा म्हणत नाही.

सेक्रेटरी: चालेल. सातला लेकरांची. पण पातेलं एकच आहे.

ए-३०१ काकू: पातेलं माझं घ्या. बारा लिटरचं आहे. दूध किती आणायचं ते आजच सांगा, ऐनवेळी गवळी देत नाही. लेकरांच्या दुधात जायफळ चिमूटभरच, आणि चारोळी अख्खी नको, कुटून.

चिऊची आई: लेकरं किती हे उद्या बागेतच मोजू. तर उद्या साडेसहा, गेटवर. प्रत्येकाची पाण्याची बाटली, टोपी, एक जादा पँट. होय, पँट. मला माहितीये मी काय म्हणतेय.

बी-४०१: मी पण येतो. आमचा नातू पुण्याहून आलाय, सहा वर्षांचा. त्याला रोज संध्याकाळी टीव्हीसमोरून उठवता उठवता मीच थकतो. गाडीत पुढची सीट मोकळी आहे.

आजी: गाडी कुठं लावणार परत आल्यावर?

बी-४०१: सोनूच्या जागेत.