मिरगीवर मोझार्ट? गोळ्या बंद करून गाणं लावायचं का? मत सांगा

कपाशीवाला, दर्यापूर
माह्या भाच्याले दोन वर्षांपासून मिरगीच्या गोळ्या चालू आहेत. चौथीत आहे पोरगं. मोबाईलवर कोणीतरी पाठवलं की मोझार्ट नावाच्या जुन्या युरोपी संगीतकाराचा पियानो रोज ऐकवला की फिट बंद होते, तर जवाईबापूंनी रात्रीची गोळी आपल्याच मनानं बंद केली अन् उशाशी मोबाईल लावून ठेवतात, अन् परवा पोराले अंगणातच झटका आला. माहं मत स्पष्ट आहे, हे चूक आहे. तुमाले काय वाटते?

पेटीवाला
गोळी बंद करणं चूकच, पण भाऊ संगीताले एवढं तोडून नका बोलू. १९९८ मध्ये शिकागोत २९ पेशंटले मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा (म्हणजे नुसत्या वाद्यांवर वाजवायची रचना, यादीतला तिचा नंबर के. ४४८) ऐकवला तर २३ जणांच्या मेंदूच्या आलेखातल्या मिरगीच्या लहरी कमी झाल्या. त्यात बेशुद्ध पेशंटही होते, म्हणजे नुसतं मनाला बरं वाटलं असं म्हणता येत नाही. मी वीस वर्षं भजनात पेटी वाजवतो, सुरानं माणूस शांत होताना रोज पाहतो.

आशाताई
दादा, आलेखातल्या लहरी कमी होणं वेगळं अन् फिट थांबणं वेगळं. अन् २९ माणसं म्हणजे किती, आमच्या एका गल्लीत त्याहून जास्त असतात. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे सगळे अभ्यास एकत्र तपासले तर पुरावा कच्चा निघाला. काही जणांना तर गाणं ऐकूनच फिट येते, क्वचित, पण येते.
मला राग याचा येतो की गोळी अचानक सोडली की एकामागून एक झटके येऊ शकतात, जीवावर बेततं. आपल्याकडं चूल आहे, विहीर आहे, पोरगं एकटं असलं तर? कांदा, चप्पल हुंगवत बसणारे अजून आहेत त्यात आता हे. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना.

पेटीवाला
ताई, जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते की नीट उपचार मिळाले तर ७० टक्के लोकांच्या फिट थांबू शकतात. मग उरलेल्या ३० टक्क्यांनी काय करावं? टोरांटोत १३ जणांना तीन महिने रोज तोच सोनाटा ऐकवला, झटके साधारण ३५ टक्के कमी झाले. अन् कोणतंही गाणं चालतं असंही नाही, चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथं हायडन या दुसऱ्या संगीतकाराची सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची रचना, ऐकवली तर मोझार्टसारखा फायदा दिसला नाही. म्हणजे त्या सुरातच काहीतरी आहे, ते शोधू द्या की लोकांना.

आशाताई
शोधा ना, कोण अडवतंय! पण तो टोरांटोचा अभ्यास गोळ्यांच्या जोडीला होता, गोळ्या सोडून नव्हे, अन् हीच ओळ मोबाईलवर गळून पडते. कपाशीवाले भाऊ, सुटलेली गोळी किती डोसानं सुरू करायची ते डॉक्टरांनाच विचारा, घरी अंदाज नको.

कपाशीवाला, दर्यापूर
बहिणीशी बोललो. उद्या वेचणीचा खाडा करून पोराले घेऊन अमरावतीले जाऊन राहिलो, जवाईबापूही येतात म्हणाले. संध्याकाळी पोराले ते पियानो आवडते म्हणते बहीण, तर ते चालू ठेवायला काय हरकत आहे तेही डॉक्टरले विचारतो.