सिरीजमधल्या फटक्यांवर टाळ्या वाजवणाऱ्यांनो, हे कुठलं वास्तव आहे बे?

वर्धा रोडकर
सध्या जेलवाल्या, पोलिसवाल्या सिरीजचा सपाटा लावलाय नं आता डोकं उठलंय म्हणून धागा काढतोय. सुरुवातीला पाटी, सत्य घटनांवर आधारित. मग अंधारी खोली, लटकवलेला आरोपी, साहेबाच्या हातात पट्टा, चार फटक्यात गडी पोपटासारखा बोलतो नं केस खतम. खाली कमेंटमध्ये लोक 'असाच साहेब पाहिजे' लिहून राहिले. अरे, पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध चालतच नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यात तेच होतं नं आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. त्या जबाबातून हत्यार-बित्यार सापडलं तर तेवढाच भाग कामाचा. कोणती सिरीज सांगते हे? अन्याय दाखवतो म्हणता म्हणता लोकांना अन्यायाची चटक लावून राहिले हे.

तर्रीवाला
काहीही भाऊ. दाखवलंच नाही तर मानसाले कळन कसं? मी रोज मेट्रोनं नागपूर जेलच्या बाजूनं जातो, रहाटे कॉलनीले उतरतो, आत काय चालू हाय कोनाले काही पडली नसते. दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा माओवाद्यांशी संबंधाच्या केसमध्ये याच जेलच्या अंडा सेलमध्ये (एकांताची कोठडी) होते, व्हीलचेअरवरचा माणूस. हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सोडलं, दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं थांबवलं, मग सगळी सुनावणी परत नं मार्च २०२४ ले परत निर्दोष. ऑक्टोबरमध्ये गेले बिचारे. किती लोकायनं चर्चा केली तुह्या ऑफिसात? मुंबई बॉम्बस्फोटवाल्या याकूब मेमनच्या फाशीच्या टायमाले मात्र इथं कॅमेरेच कॅमेरे.

वर्धा रोडकर
तूच माझा मुद्दा मांडला बावा. ही गोष्ट सिरीजवाल्याच्या हातात दे, पहिल्याच भागात जेलमध्ये चमच्याला धार लावून मारामारी घुसवतो की नाही पाहा. 'सुनावणी पुढे ढकलली' हे कोण बिंज करणार?

काळा कोट
जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो म्हणून बोलतो, दोघांचंही अर्धवट आहे. एनसीआरबीचा (गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था) २०२२ चा आकडा पाहा, देशातल्या दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्धच झालेला नाही. त्यातले कित्येक आत का आहेत तर तारखेला आणायला गार्ड नव्हता म्हणून, नाहीतर व्हीसी (व्हिडिओवरची हजेरी) लागली पण आवाज येत नव्हता म्हणून. पोरगा स्क्रीनवर नुसतं तोंड हलवतो, मायबाई कोर्टहॉलच्या दारातून मान उंच करून पाहते, तेवढ्यात पुढची तारीख पडते नं शिपाई पुढचं नाव पुकारतो. बरं, जामीन झाला तर सुटला का? नाही, जामीनदार आणा. जामीनदाराकडे सातबारा नाहीतर घरटॅक्सची पावती पाहिजे. आता ज्याची सगळी नातीगोती झोपडपट्टीत, कोणाच्याच नावावर जागेचा पट्टा नाही, तो पावती आणणार कुठून? जामिनाचा कागद हातात असून लोक आत बसलेले असतात. नव्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ आहे, आधी कधीच शिक्षा न झालेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर सोडायचं (फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही, दुसरी केस असली तर तेही गेलं). ह्यात ना रक्त आहे ना शिवीगाळ, म्हणून पडद्यावर येत नाही.

उत्तर नागपूरची
तुम्ही सगळे भाऊ लोक कायदाच सांगून राहिले. कस्तुरबा नगर विसरले का? १३ ऑगस्ट २००४, अक्कू यादवला जिल्हा कोर्टात आणलं होतं नं बायकांनी तिथंच तिखट टाकून, चाकूनं मारला. बलात्कार, खून, खंडणी, काय काय आरोप होते त्याच्यावर, नं बायका तक्रार घेऊन गेल्या की पोलीस उलट त्यांनाच वाटेला लावायचे. २०१४ ला आरोपी पुराव्याअभावी सुटले. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याच्यावर मालिका आली तेव्हा माझ्या हॉस्टेलच्या पोरींना कळलं की हे आपल्या गावातलं आहे, वाट्सपवर रात्रभर तेच. तुमच्या तारखा-पावत्या दाखवून कोणी एवढं हललं नसतं. बघवत नाही इतकं दाखवा, त्याशिवाय त्या बायकांची काय हालत झाली होती ते समजत नाही.

वर्धा रोडकर
म्हणजे कोर्टात मारलं ते बरोबर?

उत्तर नागपूरची
मी बरोबर कुठं म्हटलं? तक्रार लिहून घेतली असती तर ही वेळ आली असती का, एवढं सांगा. तुमच्या त्या पट्टावाल्या साहेबापेक्षा तक्रार न घेणारा साहेब जास्त खतरनाक.

रात्रपाळी
चर्चा मोठी चालू आहे पण आमच्या एरियात या जरा. सोळा-सतरा वर्षाची पोरं, हातात चाकू, नं भाई जेलमधून सुटला की गाड्यांचा ताफा, फटाके, रील, मागं कुठल्यातरी सिरीजचाच डायलॉग. मग पोलीस त्याच भाईची त्याच गल्लीतून धिंड काढतात, त्याचीही रील. दोन्हीला लाईक ठोकणारे तेच पोट्टे. त्यांना कच्चा कैदी न् कलम काय घेणंदेणं.

तर्रीवाला
हे सिरीजनं केलं का? सिरीज नव्हत्या तवाबी गल्लोगल्ली भाई होतेच ना.

रात्रपाळी
होते. पण तवा त्याईले बॅकग्राउंड म्युझिक नव्हतं.

काळा कोट
😀 हे मात्र खरं. तरी मला दाखवण्याबद्दल तक्रार नाही, ताईंचं पटलं मला. फक्त त्या पट्ट्याच्या सीननंतर दोन मिनिटं तरी कोर्टाचा सीन टाका, जिथं बचावाचा वकील मेडिकल रिपोर्ट दाखवतो नं त्या साहेबाची बोलती बंद होते. अटक झाली की नातेवाईकाला कळवायचं, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी करायची, हे सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालात १९९६ पासून लिहिलेलं आहे. त्यात ड्रामा नाही कोण म्हणते?

तर्रीवाला
वकीलसाहेब, मग लिहूनच टाका तुम्ही. आम्ही पाहू. सबस्क्रिप्शन तसंही भावजीचं हाय.