पिचिंगचे सर एक सांगतात, टीमचे कोच दुसरंच

एका पालकांचा प्रश्न असा, की मुलगी अमेरिकेत १२ वर्षांखालच्या सॉफ्टबॉल टीममध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, आहे. खासगी सर म्हणतात, हात कमरेला घासून बॉल सोड. टीमचे कोच म्हणतात, बॉल सुटल्यावर कोपर कॅचरकडे (समोर बॉल झेलणाऱ्या मुलीकडे) वर उचल. ऐकायचं कुणाचं?

हाताच्या बाबतीत एकाचंच, आणि माझ्या मते सरांचं. या दोन सूचना एकत्र नांदत नाहीत. पहिल्या पद्धतीत हात कमरेशी घासतो, कोपरापुढचा भाग आत वळतो आणि शेवट आपोआप सैल होतो. तिथे मुद्दाम कोपर उचललं की बॉल उशिरा सुटतो आणि उंच जातो. त्यात १० वर्षांखालून वर आलेल्या मुलीसाठी बॉल टाकायचं अंतर ३५ चं ४० फूट झालेलं, बॉलचा घेर ११ चा १२ इंच. बिचारी गोंधळणारच!

कुठला बॉल कधी टाकायचा, खुणा कुठल्या, हे मात्र कोचचं राज्य. त्यांना बाजूने एक आणि कॅचरच्या मागून एक असे छोटे व्हिडिओ पाठवा, सध्या काय सुधारणं चाललंय ते एका ओळीत लिहा. चेंजअप (फसवायला मुद्दाम हळू टाकलेला बॉल) सरावात दहापैकी सात वेळा जागेवर पडेपर्यंत मॅचमध्ये मागू नये, हेही आधीच ठरवून घ्या. निरोप्या तुम्ही होऊ नका, तिघांचा ग्रुप करा.

आणि तिने टाकलेले बॉल मोजा. क्लासमधले बॉल टीमच्या वहीत येत नाहीत. शनिवारी टूर्नामेंट असेल तर गुरुवारी हलका क्लास, शुक्रवारी सुट्टी. खांदा दुखला तर दोघांनाही त्याच दिवशी कळवा.