टकल्या साहेबाला 'शाम्पू' कसा केला?

वाचनवेडी:
मंडळी, अडलेय. १८३०च्या सुमाराच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या रोजनिशीचा अनुवाद करतेय. दिवसभर घोडा दामटून तळावर आल्यावर तो लिहितो, नोकराने मला अर्धा तास 'शाम्पू' केलं, मग डोळा लागला. मी 'नोकराने डोक्याला शाम्पू लावला' असं लिहून मोकळी झाले. पण दोनच पानं आधी या गृहस्थाने स्वतःच्या टकलावर विनोद केलाय! संपादकबाईंनी समासात नुसती दोन प्रश्नचिन्हं काढून पाठवलीत. तेव्हा हे क्रियापद कशासाठी वापरत?

उंटावरचा:
चाफ्यावरून आलाय ना तो शब्द? चंपा, चाफ्याचं तेल, केस... व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं.

जुना दुभाष्या:
चाफ्याला यात ओढू नका, केसांचा संबंध फार नंतर आला. तुमचा साहेब अंग चेपून घेत होता. मूळ हिंदी 'चाँपना', म्हणजे दाबणं. त्याचा आज्ञार्थ 'चाँपो', त्याचं झालं 'शाम्पू'. १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन कोशातही थकवा घालवायला अंग मळणं-दाबणं हाच अर्थ दिलाय.

मला मौज वाटते ती आज्ञार्थाची. साहेब हिंदी शिकला ती हुकूम सोडण्यापुरती. धातू, काळ, पुरुष याच्याशी त्याला काय देणंघेणं! 'बनाओ', 'पकडाओ' हेही त्याने असेच उचलून इंग्रजीत चालवले, त्याच कोशात सापडतील. ते इकडेच विरले. शाम्पू मात्र विलायतेत रुजला, त्यात मोठा हात पाटण्याच्या शेख दीन महंमदचा. त्याने १८१०मध्ये लंडनला हिंदुस्थानी खानावळ काढली, ती बुडाली. मग ब्रायटनला समुद्रकाठी स्नानगृह थाटलं. गिऱ्हाइकाला फ्लॅनेलच्या तंबूत औषधी वाफेत बसवायचं. तंबूला बाह्या शिवलेल्या. मालिशवाला बाहेर उभा राहून बाह्यांतून हात आत घालणार आणि चेपणार! संधिवाताने आखडलेले लोक रांग लावत. चौथ्या जॉर्ज राजाने त्याला आपला 'शाम्पूइंग सर्जन' नेमलं. १८२२मध्ये त्याने या विद्येवर पुस्तकही लिहिलं. केस धुण्याचा अर्थ रुळला तो पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

तेव्हा बिनदिक्कत 'चेपणे' वापरा. माझी आजी तिन्हीसांजेला भिंतीला टेकून पाय पसरायची आणि 'पोटऱ्या चेप रे जरा' म्हणायची. मी टंगळमंगळ केली की पाच पैसे मिळायचे. तिला कुणी सांगितलं असतं की नातू शाम्पू करतोय, तर पदराने डोकं झाकून घेतलं असतं.

फोडणीचा भात:
म्हणजे सलूनमधली 'चंपी' मूळ अर्थाला धरून आहे आणि शेजारची शाम्पूची बाटलीच वाट चुकलीय!

जुना दुभाष्या:
अगदी. एकाच घरातली दोघं, एक विलायतेला जाऊन बाटलीत बसून परत आलं.

वाचनवेडी:
धन्यवाद, काका! वाक्य असं केलं: 'नोकराने अर्धा तास माझं अंग चेपून दिलं, मग डोळा लागला.' आता पुढच्या पानावर साहेबाच्या घोड्यालाही कुणीतरी 'शाम्पू' करतंय. तिथे काय, खरारा?

जुना दुभाष्या:
खराऱ्याला ब्रश लागतो. हाताने रगडत असेल तर 'मालिश'. मूळ वाक्य टाका, बघू.