ज्यूनो-१०६ ची पट्टी अलगद दाबली तरी आवाज तेवढाच का येतो?

प्रश्न

नमस्कार. मी झाडीपट्टीतील एका नाटक मंडळीत कीबोर्ड वाजवतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की वडसा-देसाईगंजहून आमची गाडी गावोगाव फिरते आणि नाटक रात्रभर चालते. यंदा नागपुरातील एका वादकाकडून मी रोलँड कंपनीचा जुना सिंथेसायझर, ज्यूनो-१०६, विकत घेतला. त्याचा आवाज मनात भरला. परंतु करुण प्रसंगी संवादाखाली मंद सूर धरायचा असतो, तेव्हा पट्टी कितीही हळू दाबली तरी आवाज तेवढाच येतो आणि नटाचे शब्द झाकले जातात. पट्ट्यांखालचे रबर झिजले आहे असे एका दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले आणि खर्चही बराच मागितला. शंका फिटावी म्हणून मित्राचा नवा कीबोर्ड, ज्याला हलका-जोराचा स्पर्श उत्तम कळतो, मिडी केबलने (एका वाद्यावरून दुसरे वाजवता येणाऱ्या तारेने) जोडून पाहिला. तरीही फरक पडला नाही. दोष नेमका कोठे असावा?

उत्तर १

भाऊ, कृपया तो खर्च करू नका. आपण केलेल्या तपासणीतच उत्तर आहे: बिघाड केवळ पट्ट्यांत असता, तर बाहेरच्या कीबोर्डवरून वाजवताना फरक ऐकू आला असता. १९८४ सालच्या या वाद्यात व्हेलॉसिटीची, म्हणजे पट्टी किती वेगाने दाबली हे ओळखण्याची, सोयच नाही. पट्टी दाबली आहे किंवा सोडली आहे, एवढेच त्याला कळते, आणि दाबली की एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारा भाग) दर वेळी त्याच उंचीपर्यंत चढतो.

ज्या कीबोर्डला स्पर्श कळतो, त्याच्या प्रत्येक पट्टीखाली सहसा दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना पहिला आणि दुसरा संपर्क जुळण्यात किती वेळ गेला, हे मोजले जाते. म्हणजे मोजला जातो तो वेग, जोर नव्हे. मिडीमध्ये हा वेग १ ते १२७ या आकड्यांत जातो. आपल्या मित्राच्या कीबोर्डने तो आकडा पाठवला, पण ज्यूनोने त्याकडे लक्ष दिले नाही.

उत्तर २

वरील उत्तरात थोडी भर घालतो. ही उणीव एकट्या ज्यूनोची नाही. १९७० चा मिनीमूग आणि १९७८ चा प्रॉफेट-५ या सिंथेसायझरांच्या पट्ट्याही अशाच आहेत. बहुस्वरी (एका वेळी अनेक स्वर वाजवणाऱ्या) अ‍ॅनालॉग वाद्यात वेगाचा परिणाम साधायचा, तर प्रत्येक स्वराच्या व्हीसीएला (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या भागाला) आणि फिल्टरला (आवाजाची धार कमी-जास्त करणाऱ्या भागाला) त्याचे स्वतंत्र व्होल्टेज पोहोचवावे लागते, आणि त्या काळी हे खर्चाचे काम होते. यामाहाच्या सीएस-८० ने आठही स्वरांसाठी ते केले. एवढेच नव्हे, तर दाबून धरलेल्या प्रत्येक पट्टीवरचा दाबही त्याला वेगवेगळा कळतो. ते वाद्य अवजड आणि महागडे होते, याचे मला नवल वाटत नाही. पुढे रोलँडच्याच जेएक्स-८पी मध्ये व्हेलॉसिटी आली.

उत्तर ३

मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात भजनी मंडळात अनेक वर्षे पेटी वाजवतो. पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच येतो. लहान-मोठेपणा भात्याचा असतो आणि भाता डाव्या हातात असतो. ज्यूनोतही डाव्या बाजूला बेंडरचा, म्हणजे सूर सरकवण्याचा, दांडा आहे. त्याच्याजवळची डीसीओची (सूर निर्माण करणाऱ्या भागाची) सरकती खुंटी पूर्ण खाली आणा, नाहीतर सूर सरकेल, आणि व्हीसीएफची (फिल्टरची) वर न्या. मग फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरची धार फिल्टर कापतो ती मर्यादा) एवढा कमी करा की दांडा मधोमध असताना संवादाखाली शोभेल असा मवाळ आवाज येईल. दांडा उजवीकडे ढकलला की आवाज उघडतो आणि सोडला की आपोआप मिटतो. व्हॉल्यूम पेडलनेही आवाज कमी होतो, पण त्याची धार तशीच राहते. हळू वाजवलेल्या वाद्याचा सूर मात्र मवाळही होतो, म्हणून मला फिल्टरचा मार्ग अधिक योग्य वाटतो. दांड्याने सगळे स्वर एकत्र उघडतात, त्यामुळे एकच स्वर उठावदार करता येणार नाही. पेटीतही ते जमत नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल तालमीत दांड्याचा प्रयोग केला. आईच्या निरोपाच्या प्रवेशात दोन स्वर धरून ठेवले, दांड्याला हात लावला नाही, आणि नटीचा प्रत्येक शब्द मागच्या ओळीपर्यंत ऐकू गेला. ती थांबल्यावर दांडा सावकाश उजवीकडे नेला. अटॅकही (सूर पूर्ण चढायला लागणारा वेळ) थोडा वाढवला आहे, त्यामुळे सुराची सुरुवात आता टोचत नाही.